जाड पट्ट्यांचा ज्वलनांक

वेनियामिन इसाकोविच गेले त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी ॲक्रिलिक जळल्याचा वास आला की मला आधी त्यांचीच आठवण येते. तो गोडसर वास तेव्हा माझ्या केसांतून जातच नसे. बसमध्ये शेजारच्या बायका नाक मुरडून जागा बदलायच्या आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटायचा. सव्वीस वर्षांची होते, अक्कलही तेवढीच.

मॉस्कोपासून दोन तासांवर, बर्चच्या रानात आमची संस्था होती. ज्योत किती वेगानं पसरते ते मी मोजायची. ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, पट्टी उभी टांगायची, वरच्या टोकाला पेटवायची आणि ज्योत एका खुणेपासून दुसरीपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. वेनियामिन इसाकोविच माझे मार्गदर्शक. कोणता पदार्थ किती अंशांना पेट घेतो, म्हणजे त्याचा ज्वलनांक, हे त्यांनी बावीस वर्षं एका छोट्याशा भट्टीत मोजलं होतं. त्यांचा तक्ता सगळ्या देशात वापरत. माझा प्रबंधही त्याच्याच जिवावर उभा होता: ज्योतीपुढची जागा तापत तापत ज्वलनांकाला पोचली की ज्योत पुढे सरकते असं धरायचं, तक्त्यातला आकडा सूत्रात घालायचा आणि वेग काढायचा.

पातळ पट्ट्यांचा हिशेब तंतोतंत जुळला. जाड पट्ट्यांचा काही केल्या जुळेना. ज्वलनांक साठ अंशांनी वाढवला तरच जुळे. मी अकरा वेळा मोजलं, अकराही वेळा तेच.

कापामावशी आमच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पट्ट्या कापायचं काम करत होत्या. काचेच्या चंचुपात्रातून चहा ओतत त्या म्हणाल्या, "अगं, मग तो आकडा त्या भट्टीचा असेल, ॲक्रिलिकचा कुठला? माझी चूल न् माझ्या बहिणीची चूल, एकाच पोत्यातले बटाटे कधी बरोबरीनं शिजलेत?"

मावशी सहज बोलून गेल्या, मी मात्र चहा तसाच ठेवून तक्ता उघडला. त्यांचं खरं असेल तर ज्वलनांक हा पदार्थाचा अंगचा गुण नव्हेच. जाडी बदलली, तापवायची गती बदलली, वारा बदलला की तोही बदलणार. मग बावीस वर्षांच्या त्या तक्त्याचं काय? त्याची दुसरी आवृत्ती छापखान्यात गेलेली, आणि म्हातारा चार महिन्यांनी निवृत्त होणार. दर रविवारी त्यांच्या घरी मी खारवलेली हेरिंग मासळी आणि उकडलेले बटाटे खात होते. त्यांना हे सांगायचं धाडस माझ्यानं होईना.

आमच्या नोंदवहीची पानं क्रमांक घालून, दोऱ्यानं ओवून, लाखेनं मोहरबंद केलेली असत. पान फाडता येत नसे. खोडायचं तर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. मी अकरा ओळींवर अकरा रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं, 'माल खराब.'

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेआधी आमच्याकडे संस्थेतल्याच लोकांची एक चाचणी सभा असे. मी छान बोलले. सगळे माना डोलावत होते. मग पहिल्या रांगेतून वेनियामिन इसाकोविच उठले. हातात माझी नोंदवही.

"नोन्ना गावरिलोव्ना, जाड पट्ट्या कुठे गेल्या?"

"माल... माल खराब होता."

"अकराही वेळा? मग कारखान्याला खरमरीत पत्र लिहू. मी सही करतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मागून कापामावशी ओरडल्या, "माल चांगला होता! मी स्वतः कापलाय!"

ते फळ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "माझ्यासाठी केलंत?"

मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, विरघळतील. पण त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी म्हातारा झालोय, नोन्ना गावरिलोव्ना, काचेचा नाही झालो! मी बावीस वर्षं चुकलो ते नकळत. तुम्ही कळूनसवरून चुकताय. लिहा. अकराही आकडे."

मी रडत रडत लिहिले. त्यांनी ते चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. मग म्हणाले, "सुंदर आहेत."

परीक्षा वर्षभर पुढे गेली. दुसरी आवृत्ती त्यांनी छापखान्यातून परत मागवली. निवृत्त झाले तरी रोज सकाळी हजर, माझ्याबरोबर जाड पट्ट्या जाळायला. पट्टीमागून पट्टी जळत होती आणि त्यांचा तक्ता ढासळत होता. एका ठरावीक अंशाला आग लागते हे आम्ही सोडून दिलं. तापमान वाढेल तशी ज्वलनाची क्रियाच कशी भराभर वाढत जाते, ते धरून सूत्र नव्यानं मांडलं. आता जाड आणि पातळ, दोन्हींचं जुळू लागलं.

एकदा न राहवून मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ते पट्टीवरची नजर न काढता म्हणाले. "फार वाटतं. पण जरा थांबा, ज्योत खुणेजवळ आलीय."