मागच्या दाराचा दिवा

आयरीनने शिक्क्याच्या चिमट्यात कागदाचा कोपरा अडकवला आणि दांडीवर हात ठेवून ती थांबली.

“एमिल, काम संपल्याची तारीख कोरी आहे. शपथ कशाची घ्यायची मग, कोऱ्या जागेची?”

“लिहितो,” एमिल पालको म्हणाला आणि पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

चर्चच्या या ऑफिसात बाप्तिस्म्याच्या नोंदी व्हायच्या, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाची कुपनं मिळायची, आणि शपथेच्या कागदावर शिक्काही इथेच बसायचा. चर्चची कारकून आयरीन सरकारमान्य नोटरीही होती; शिक्का मारायची फुकट, पण कागद आधी अथपासून इतिपर्यंत वाचायची. आजचा वाचून तिचा चेहरा उतरला होता. साबोलबाईंच्या बेकरीवर बोजा चढवायचा अर्ज होता तो.

एमिलने त्या बेकरीचं सगळं वायरिंग नवं केलं होतं. काम ग्रेब नावाच्या कंत्राटदाराचं, एमिल त्याच्या हाताखालचा. साबोलबाईंनी ग्रेबला पैसे चुकते केले आणि ग्रेब ते घेऊन फ्लोरिडाला पसार झाला. एमिलच्या हातावर तुरी. तारा, पेट्या, सगळा माल त्याने राहत्या घरावर कर्ज काढून भरलेला. कंत्राटदाराने बुडवलेली मजुरी कायद्याने इमारतीच्या मालकाकडून वसूल करता येते; म्हणजे बेकरीवर बोजा चढला तर बाईंना तेच पैसे दुसऱ्यांदा भरावे लागणार होते. नाही चढला तर पालकोंचं घर बँकेच्या घशात जाणार होतं. मधली वाट वकिलालाही सापडली नव्हती.

काम सुरू करताना कायद्याप्रमाणे एमिलने बाईंना नोटीस धाडली होती. ती हातात घेऊन बाई पीठभरल्या अंगानेच त्याच्या दारात आल्या होत्या. “पोरा, माझ्यावर खटला घातलास?” त्याने हसून सांगितलं होतं, “अहो, नुसती रीत आहे. टाका कपाटात.” हे वाक्य त्याला हल्ली रोज जेवताना आठवायचं.

बरं, अर्ज तरी वेळेवर करावा! पण या गावात ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत कुणी कुणाच्या मागे लागत नाही. ‘ईस्टर होऊ दे, मग बघू,’ असं सगळेच सगळ्यांना म्हणतात. एमिलही तसंच म्हणत बसला. ईस्टर झालं, रंगवलेली अंडी खाऊन संपली, आणि मग वकिलाने सांगितलं की मुदत कामाच्या शेवटच्या दिवसापासून धरतात. वायरिंग संपलं फेब्रुवारीत. मुदत गेल्याच आठवड्यात उलटली होती.

“मार्च लिही,” त्याची बायको लोरेटा म्हणाली. ती खिडकीशी कोट न काढता उभी होती. “मागच्या दाराचा दिवा मार्चमध्ये लावलास की नाही?”

“लावला.”

“मग? ते काय पिकनिकला गेला होतास? वकीलच म्हणाला, तो दिवा कामात धरला तर मुदत आहे अजून.”

“कामात धरला तर,” एमिल म्हणाला.

दिवा लावला होता हे खरंच. बाई पहाटे अंधारात मागच्या पायऱ्या चढायच्या. एकदा बर्फावरून घसरून गुडघा फोडून घेतला. एमिलने ते ऐकलं आणि घरी जाता जाता दिवा बसवून दिला. बदल्यात अक्रोड भरलेल्या गोड पावाची एक गुंडाळी घेतली, तीही गाडीतच फस्त केली.

“लोरेटा, मला कुणी सांगितलं नव्हतं गं लावायला.”

“तीन पोरं वाढवली मी त्या घरात!” लोरेटाचा आवाज फुटला. “तुझ्या चांगुलपणापायी मी रस्त्यावर येऊ?”

तिचं काय चुकत होतं? काहीच नाही. एमिलने पेन कागदाला टेकवलं.

तेवढ्यात दार ढकलून साबोलबाई आत आल्या, डोक्याला रुमाल, धाप लागलेली. आयरीन एकदम कुपनं मोजायला लागली. बाईंना बातमी कुणी दिली ते विचारायची गरजच नव्हती.

“मीच सांगितलं होतं,” बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

“काय सांगितलं होतं?”

“दिवा. मी ग्रेबला म्हटलं, मागे दिवा पाहिजे, आणि ग्रेबने तुला पाठवलं. कुठेही विचारा, मी असंच सांगेन. लिही मार्च.”

लोरेटा तोंडावर हात ठेवून म्हाताऱ्या बाईकडे बघत राहिली. ग्रेब मार्चच्या आधीच पळाला होता, हे त्या चौघांनाही ठाऊक होतं.

“साबोलबाई,” एमिल हळूच म्हणाला, “बेकरी जाईल तुमची.”

“माझी बेकरी, माझं मी बघेन. तू राबलास ना? तू लिही.”

एमिलने लिहिलं. फेब्रुवारी. खाली सही केली, उजवा हात वर केला. आयरीनने त्याच्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि दांडी दाबली. आता तो कागद रद्दीत घालायच्या लायकीचा झाला होता.

“गाढवा!” बाई भडकल्या. “दोन बस बदलून आले मी. या वयात, चर्चमध्ये, खोटं बोलायला! आणि तू—” त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि रुमालाच्या टोकाने डोळे पुसू लागल्या.

“घर विकावं लागेल,” एमिल म्हणाला. इतक्या दिवसांत हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला.

बाहेर शाळेची बस थांबून गेली.

“बेकरीच्या वर दोन खोल्या आहेत,” बाई म्हणाल्या. “रिकाम्याच असतात. भाड्याचं नाव काढलंत तर बघा.”

एमिलने मान वर केली नाही. लोरेटाने कोटाची बटणं काढली आणि खुर्ची ओढून ती बाईंच्या शेजारी बसली.

“ऊन येतं का तिथं?” तिने विचारलं.