वाफेतली पाठ

"बाबा, पाय टाका नं पाण्यात. गुडघ्याले बरं वाटते," रोशनी म्हणाली आणि तिनं स्वतःच लहानूची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

न्यूझीलंडमधल्या त्या गावात जमिनीतूनच वाफ निघत होती. बागेत, रस्त्याकडेला, लोकांच्या कुंपणाआड. हवेत गंधकाचा उग्र वास होता. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून लोक निवांत बसले होते. रोशनी तिथं नर्स होती. बापाला हे दाखवायचं म्हणून तिनं मुद्दाम सुट्टी काढली होती. लहानूनं पाय टाकले. पाणी खरंच सुखाचं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या खडकातून फुत्कारत वाफ सुटली.

तो आवाज लहानूच्या ओळखीचा होता. नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात त्यानं बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं काढली होती. वाफ पसरत आली आणि तिच्यात त्याला एक पाठ दिसली. डावा खांदा जरा झुकलेला. ती वाफेत आत आत चालली होती.

"गिरिधर, मागं फिर गा," तो बोलून गेला.

वाफ विरली तेव्हा तिथं लाकडी कठडा तेवढा उरला होता. रोशनीनं विचारलं, गिरिधर कोण? सोबत कामाला होता, वाफेची नळी फुटून गेला, एवढंच लहानूनं सांगितलं. पुढचं गिळलं. त्या दिवशी ड्युटी लहानूची होती. सहा वर्षांच्या रोशनीचा शाळेत नाच होता, म्हणून त्यानं गिरिधरला ड्युटी बदलून मागितली होती. हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिचा काय दोष? त्यानं पाय पुसले. त्यानंतर रोज न्हाणीघरात आरसा धुरकटला की ती पाठ उभी राही. शेवटी तो थंड पाण्यानं आंघोळ करू लागला.

नागपूरला परतल्यावर चौथ्या दिवशी तो सक्करदऱ्याला गेला. गिरिधरची बायको, इंदूबाई, तिथं राहायची. एकवीस वर्षांत तो तिच्या घरात बसला नव्हता. काही निमित्त निघालं तर बायकोला, प्रेमिलाला, धाडायचा.

इंदूबाई खाटेवर मेथी निवडत होती. लहानू उभ्यानंच बोलला.

"वहिनी, त्या दिवशी ड्युटी माही होती. मीच त्याले पाठवलं."

तिचा हात थांबला नाही. "मले माहीत आहे, भाऊजी. निंगताना सांगून गेले होते ते. लहानूच्या पोरीचा डान्स आहे म्हणे, पाहू दे त्याले."

"मंग इतकी वर्षं बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही आलेच कुठं?" ती म्हणाली. मग खाटेवर जागा करून तिनं विचारलं, "कसा झाला होता तो डान्स?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या घरी त्या संध्याकाळचा विषयच निघत नसे. तो खाटेच्या कडेला टेकला आणि सांगू लागला. आठ पोरी होत्या. रोशनी अगदी टोकाला. अर्ध्यात तिच्या पायातले घुंगरू सुटले, तर तिनं ते हातात धरून उरलेला नाच पुरा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वीज केंद्रातून फोन आला म्हणून शाळेचा शिपाई रांगारांगांतून त्याला शोधत आला.

तिथं लहानू अडला.

इंदूबाईनं मेथी बाजूला सारली.

"सांगा," ती म्हणाली. "मी ऐकून राहिली."