तूरान-खानूमची एकच शिंक

मी गाडी बोलतेय. नवी नव्हे, जिच्या बदल्यात नवी घेतात, ती. नव्या गाडीचं कौतुक सगळे ऐकतात. पण तिला शोधायला माणसं ज्या जुन्या गाडीत बसून दुकानोदुकानी हिंडतात, तिला कुणी काही विचारत नाही. म्हणून मीच बोलायचं ठरवलं.

माझा रंग पांढरा आहे, निदान कागदोपत्री तरी. एके काळी इस्फहानच्या रस्त्यांवर माझ्या इतक्या बहिणी धावत, की भर चौकात मालक खुशाल दुसरीचंच दार उघडून आत बसत, आणि कधी कधी किल्लीही लागून जाई. माझे मालक इरज-आगा, त्यांनी माझ्यासाठी नाव नोंदवलं आणि इतकी वाट पाहिली, की मी घरी आले तेव्हा त्यांना आनंदापेक्षा थकवाच जास्त झाला होता. त्यांची बायको तूरान-खानूम हिनं माझ्या पुढच्या चाकाखाली अंडं ठेवलं. इरज-आगांनी मला जरा पुढे घेतलं, अंडं फुटलं, आणि गल्लीतल्या सगळ्या वाईट नजरा त्याबरोबर फुटल्या असं जाहीर झालं.

सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असा घरात हुकूम होता. उन्हाळ्यात माणसं त्या प्लॅस्टिकला चिकटत, उठताना चर्र आवाज येई, पण सीट नवी राहिली पाहिजे! शेवटी ते प्लॅस्टिकच कंटाळून फाटलं. माझं दार कुणी जोरात लावलं, की इरज-आगा ओरडत, "हळू! फ्रीजचं दार नाही ते!" त्यांच्या घरचा फ्रीज मी कधी पाहिला नाही, पण त्याचे हाल होत असणार.

इरज-आगा गेले आणि माझी किल्ली त्यांच्या मुलाकडे, फरामर्जकडे आली. फरामर्जचं फरशांचं दुकान आहे. माणूस मनानं चांगला, पण घाईचा. सकाळी आईच्या आधी येऊन बसायचा, इंजिन सुरू करायचा, आरशात केस बघायचा आणि हॉर्न वाजवायचा. मागून तूरान-खानूम सावकाश येई.

तिचं बसणं मला तोंडपाठ होतं. गुडघे कामातून गेलेले. ती माझ्याकडे पाठ करायची, छताच्या कडेच्या पन्हळीला उजव्या हातानं धरायची आणि हळूच सीटवर टेकायची. मग एक पाय आत, दुसरा पाय आत. उतरताना हेच उलट्या क्रमानं, आणि उभं राहताना "या अली!" कुणी हात पुढे केला तर ती तो हळूच बाजूला सारायची. दर मंगळवारी शाळेतल्या मैत्रिणींची 'दौरे', म्हणजे बैठक असे, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. चहा, काकडी, फळं आणि गावभरच्या भानगडी. त्या दारांत मी तिला किती वेळा उतरवलं असेल! शीरीन नावाची मैत्रीण खिडकीतून ओरडायची, "आली बघा राजकन्या!" आणि राजकन्या स्वतःच्या पायांवर उभी राहून बुरखा नीट करायची.

सगळं असंच चाललं असतं. पण फरामर्जच्या साडूनं नवी गाडी घेतली.

साडू म्हणजे होशंग. नवरोजच्या भेटीला आला आणि आपली ती उंच, काळी गाडी नेमकी माझ्या शेजारी लावली. तो तिच्यातून उतरला नाही, अवतरला. मला पाहून म्हणाला, "अजून चालते का ही? वा! जुनं ते जुनंच!" फरामर्ज हसला, पण त्या दिवसापासून घरातली झोप उडाली. त्याची बायको मेहरी माझ्यात बसून म्हणाली, "फरामर्ज, तुला गाडी घ्यायचीय, की होशंगला दाखवायचीय?"

"दोन्ही," फरामर्ज म्हणाला. खरं बोलला. गाडीत माणसं खरं बोलतात; दुकानात गेली की तोंडाला साखर लागते.

मग आमची वणवण सुरू झाली. आधी कंपनीच्या दुकानात गेलो. उकाड्यामुळे तिथली काचेची दारं उघडी होती, मला बाहेरून सगळं ऐकू येत होतं. विक्रेत्यानं मोबाईलवरून नजरही उचलली नाही. "गाडी आहे," म्हणाला, "म्हणजे नाही. नाव नोंदवा. येईल तेव्हा येईल." "रंग कोणता मिळेल?" "जो येईल तो." फरामर्ज तरातरा बाहेर आला आणि माझं दार धाडकन लावलं. तिथल्या रागाचं बिल माझ्या नावावर!

दुसऱ्या दुकानात इतका आदर, की मला संशयच आला. चहा आला, भावाची बोलणी झाली, चहा गार व्हायच्या आत भाव वर सरकला. "बाजार आहे, आगा, मी काय करणार!" असं म्हणून तो मनुष्य हळहळला, जणू भाव त्याच्या पाठीमागे कुणी दुसऱ्यानंच वाढवला होता.

तिसरं दुकान शाकेरीचं. शाकेरी गोड बोलणारा, सुगंध मारलेला, गुळगुळीत दाढीचा. दारातच उंच गाड्यांची रांग. एक करडी उंच गाडी फरामर्जनं पाहिली आणि तिथेच त्याचं मन जडलं. होशंगच्या गाडीपेक्षा ती वीतभर उंच होती. शाकेरी माझा भाव करायला बाहेर आला. माझ्याभोवती फिरला, बोटाच्या पेरानं दारावर टकटक केली आणि म्हणाला, "हिचं काय करणार, आगा? भंगारात द्या, सुटाल." मी कानांवर हात ठेवले असते, पण हात नाहीत.

दुसऱ्या दिवशी फरामर्जनं आईला दाखवायला नेलं. तूरान-खानूम त्या करड्या गाडीपुढे उभी राहिली आणि पायरीकडे बघत राहिली. पाठ करून बसावं, तर सीट तिच्या कमरेच्या वर. शाकेरीनं लगेच एक स्टूल मागवलं. एका बाजूनं फरामर्ज, दुसऱ्या बाजूनं शाकेरीचा माणूस, दोघांनी काखेत हात घालून तिला वर चढवलं. तिचा बुरखा घसरला, एक चप्पल खाली पडली. शाकेरीनं ती उचलून दिली.

"कशी वाटली, मामान?" फरामर्जनं विचारलं.

"छान आहे. मुबारक असो," ती वरून म्हणाली.

आमच्याकडे असंच आहे. कुणी आनंदानं काही दाखवलं, की छान म्हणायचं. छान नसलं तर जास्तच म्हणायचं.

फरामर्ज शाकेरीशी बोलायला मागे राहिला आणि ती एकटी माझ्यात येऊन बसली. तिनं शीरीनला फोन लावला. काख चोळत होती. "आता मंगळवारी तुम्हीच माझ्याकडे येत जा," ती म्हणाली. "नाही गं, तब्येत बरी आहे. नवी गाडी येतेय. दोघा बाप्यांनी पोत्यासारखं खाली उतरवायचं आणि तू खिडकीतून बघणार! त्यापेक्षा मी घरी बसेन." मग पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "त्याला कसं सांगू? इतका खुश आहे तो."

मला सगळं कळलं. माझ्या जागी येणारी गाडी तूरान-खानूमला घरात बसवणार होती. आणि ज्याला हे कळायला हवं होतं, तो आत बसून चहा पीत होता. मला वाचा असती तर त्याच क्षणी हॉर्न वाजवून मी सगळा रस्ता गोळा केला असता. पण हॉर्नही दुसऱ्यानं दाबल्याशिवाय वाजत नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला.

कागद करायचा दिवस उजाडला. तूरान-खानूम बरोबर आली. अशा शुभ कामाला आई हवी, असं फरामर्जचं म्हणणं. दुकानात मिठाई मांडली होती. शाकेरीनं कागद पुढे सरकवले आणि छातीवर हात ठेवला. "तुमच्यापुढे ही गाडी काय चीज आहे! अशीच घेऊन जा."

"छे छे, तुमची सावली आमच्यावर राहो," फरामर्ज म्हणाला.

"मनापासून सांगतो, पैशांचं राहू द्या."

"असं कसं, असं कसं!"

शाकेरी एक कवडी सोडणार नव्हता, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण एवढं म्हटल्याशिवाय आमच्याकडे पेनाचं टोपण निघत नाही. टोपण निघालं. फरामर्जनं पेन कागदावर टेकवलं.

आणि तूरान-खानूम शिंकली. एकदाच.

"सब्र आला," चहावाला पुटपुटला. पेन थांबलं. एक शिंक म्हणजे थांब, आत्ता नको. दुसरी आली तर अडथळा गेला, खुशाल काम उरक. सगळे तिच्या नाकाकडे बघत राहिले. ती शांतपणे मिठाईकडे बघत होती.

"हाज-खानूम," शाकेरी अदबीनं म्हणाला, "अजून एखादी... असली तर..."

"वय झालं आता, आगा. एकच येते."

आता मी तिच्या शिंका वर्षानुवर्षं ऐकल्यात. त्या कधी एकट्या येत नाहीत; एक आली की मागून दोन येतात, शेवटचीला तर माझ्या काचा थरथरतात. पण मी मुकी, आणि मुकेपणाचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

शाकेरीनं एसीचा झोत तिच्याकडे वळवला. ती म्हणाली, "बरं वाटलं हो, फार उकडत होतं." मग त्यानं गाडीत मारायचा सुगंधी फवारा आणून तिच्याजवळ दोनदा फुसफुसवला. त्याला स्वतःलाच जोरात शिंक आली.

"झाली दुसरी!" तो आनंदानं ओरडला.

"दुसऱ्याची चालत नाही," तूरान-खानूम म्हणाली आणि उठली. "तुम्ही थांबा. मी जरा आपल्या गाडीत बसते."

ती माझ्याकडे आली. फरामर्ज तिच्या मागे निघाला आणि दारातच थबकला. एरवी तो आधी येऊन आरशात केस बघत असे. आज तो बाहेर होता. त्यानं पाहिलं: आई पाठ करून उभी राहिली, हात पन्हळीवर गेला, ती सीटवर टेकली, एक पाय आत, दुसरा पाय आत. कुणाची मदत नाही, कसली घाई नाही.

मग येऊन माझ्या दाराशी उकिडवा बसला.

"मामान, त्या गाडीत तुला बसता येतं ना?"

"छान आहे रे ती."

"छान आहे का ते नाही विचारत मी."

तूरान-खानूम मांडीवरच्या पर्सचा बंद उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "मी बसत नाही तिच्यात. मला बसवतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू 'कशी वाटली' विचारलंस. चांगलीच वाटली." तिनं पर्स मिटली. "फरामर्ज-जान, मला उचलू नका रे. अजून नको. एकदा उचलायला लागलात की मी कुठेच जाणार नाही."

त्यानं कपाळ माझ्या दाराला टेकवलं. पडेल आवाजात म्हणाला, "होशंग हसेल."

"हसू दे. त्याच्या त्या डोंगरावर तुझी सासू एकदा तरी चढली का, मेहरीला विचार."

फरामर्जला हसू फुटलं. डोळे पुसत हसला तो. आत जाऊन शाकेरीला म्हणाला, "करडी राहू दे. बाकीच्यांची दारं उघडा. गाडी आई निवडेल."

शाकेरीचा चेहरा पडला, पण त्यानं दारं उघडली. एका गाडीत ती बसली ती थेट खड्ड्यातच. दोनदा "या अली" म्हणूनही उठता येईना. दुसरीच्या छतानं तिच्या डोक्याला टोला दिला. तिसरी दिसायला देखणी, पण दार इतकं अरुंद, की पाय आत येईनात. सगळ्यात मागे, खांबाआड, एक मातकट रंगाची साधी गाडी उभी होती. तिचा भावही कधी कुणी विचारला नसावा. तूरान-खानूमनं पाठ केली, दाराच्या चौकटीला धरलं आणि टेकली. एक पाय आत, दुसरा आत. मग दोन्ही बाहेर, "या अली," आणि ती उभी! मग कुणी सांगितलं नसताना तिनं सगळं पुन्हा करून पाहिलं.

"हीच," ती म्हणाली.

फरामर्ज सही करत होता, तेव्हा तिनं रुमाल नाकावर घट्ट दाबून धरला होता.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण स्वतःवरचा राग गेला होता. आठवड्यानं फरामर्जनं मला गावाबाहेर भंगाराच्या आवारात आणलं. तूरान-खानूमनं हट्टानं माझ्यातूनच यायचं ठरवलं. आवारातल्या माणसानं म्हातारी बघून तत्परतेनं हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "ही मला उतरू देते."

ती उतरली. दार इतकं हळू लावलं, की ते लागलंच नाही; त्या माणसाला पुन्हा लावावं लागलं.

आता माझी चाकं गेलीत, पुढचे दिवे कुणी तरी काढून नेलेत. उद्या-परवा सीटही जातील. तक्रार नाही, पुष्कळ फिरले, पुष्कळ ऐकलं. जाता जाता एवढंच मागते. नवी गाडी घ्यायला जाल, तेव्हा विक्रेत्याचं ऐका, साडूचंही ऐका, हरकत नाही. पण "मला काय, कुठलीही चालेल" असं जे माणूस घरात म्हणतं, त्याला आधी तिच्यात बसू द्या. आणि तेवढ्यावर सही करू नका. जरा मागे सरकून उभे राहा, आणि त्याला तिच्यातून आपलं आपण उतरू द्या.