माहितीदार क्रमांक सात

धाकट्या जावेनं समाजशास्त्रात डॉक्टरेट करायला घेतली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त कौतुक थोरलीनंच केलं होतं. थोरली शाळेत गणित शिकवायची, नजर बारीक. म्हणून पहिला लेख नियतकालिकाकडे पाठवण्याआधी धाकटीनं तिच्याच हाती दिला.

"ताई, ज्याचं ज्याचं काही घेतलंय त्याचं नाव, साल, पान शेवटच्या यादीत आहे का, एवढंच बघा. सर फार कटकट करतात."

लेख एकत्र कुटुंबातल्या सुनांबद्दल होता. थोरली पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. पुस्तकांचे संदर्भ चोख होते. मुलाखती दिलेल्या बायकांची नावं नव्हती. फक्त क्रमांक, वय आणि मुलाखतीची तारीख. सातव्या क्रमांकापाशी ती अडखळली. 'या घरात आजारी पडायचं तेसुद्धा सगळ्यांची सोय बघून,' असं ती बाई म्हणत होती. वय बेचाळीस. तारखेची जागा मात्र कोरी होती.

थोरलीचा बेचाळिसावा वाढदिवस नुकताच झाला होता.

आपण असं बोललो कधी? तिला आठवेना. पण बोललोच नाही, असंही छातीठोकपणे सांगवेना. भांडी आवरताना माणूस काय काय बोलून जातं! त्या दिवसापासून धाकटी स्वयंपाकघरात आली की थोरली गप्प व्हायची. धाकटीचा फोन ओट्यावर दिसला तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची. हिनं आपलं बोलणं टिपून तर घेतलं नसेल?

त्यात टेबलावरचे कागद सासूबाईंनी वाचले.

"हे तू बोललीस?"

"नाही हो आई!"

"वय तर तुझंच आहे." सासूबाईंनी चष्मा काढला आणि त्या क्षणापासून तिच्याशी बोलणंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी थोरली तडक धाकटीच्या खोलीत गेली.

"सात नंबर कोण?"

"ताई, नावं सांगता येत नाहीत. तसा शब्द देऊनच बोलतं करतो आम्ही बायकांना."

"नाव नको सांगूस. तारीख सांग. बाकी सगळ्यांपुढे तारीख आहे, हिच्यापुढे का नाही?"

धाकटीनं खोलीचं दार लावून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाली, "मुलाखत झालीच नाही. ते माझं वाक्य आहे."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली.

"मला ताप होता आणि तुमच्या माहेरची माणसं जेवायला होती ना, तेव्हाचं. स्वतःचं म्हणून लिहिलं असतं, तर सर म्हणाले असते, याला आधार काय? दुसऱ्या बाईच्या तोंडी घातलं की पुरावा होतो."

"आणि वय माझं?"

"तुमचा वाढदिवस झाला होता. आकडा डोक्यात होता, लिहून मोकळी झाले. खरंच, ताई."

थोरलीचा विश्वास अर्धाच बसला. तो दिवस तिला आठवत होता. 'जरा भाजी चिरून दे, मग पड,' असं तीच म्हणाली होती. वाक्य परक्या बाईचं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"नसलेली बाई उभी केलीस," ती म्हणाली. "उद्या सरांना कळलं तर बाकीच्या खऱ्या बायकाही खोट्या ठरतील. काढ ते, नाहीतर तुझं म्हणून लिही."

"माझं म्हणून लिहिलं तर आई वाचतील."

"वाचू देत. सध्या त्या माझ्याशी बोलत नाहीयेत."

धाकटीनं सरांपुढे सगळं कबूल केलं. ते भयंकर चिडले, प्रत्येक मुलाखतीची ध्वनिफीत मागवून त्यांनी स्वतः ऐकली. लेख दोन अंक मागे पडला. छापून आला तेव्हा त्या वाक्याखाली 'लेखिकेचा स्वतःचा अनुभव' असं स्पष्ट लिहिलं होतं.

सासूबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि थोरलीला हाक मारली. "तुझ्यावर उगाच संशय घेतला," एवढंच म्हणाल्या. धाकटीशी मात्र बरेच दिवस त्या कामापुरतंच बोलत होत्या. थोरली दोघींच्या मधे पडली नाही. तिचं स्वतःचंच धाकटीशी अजून पुरतं जुळलं नव्हतं.