अर्धी गादी

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो. खरे सांगायचे तर अर्धीच. मला अर्धी कोणी केले आणि का केले ते आधी ऐका, मग हसायचे तर हसा.

अड्याळच्या बाजारातल्या एका पिंजाऱ्याने मला घडवले. करडी गावच्या ईश्वरशी गोदावरीबाईचे लग्न झाले, तेव्हा माहेरच्यांनी मला आंदण दिले. मी दोघांना ऐसपैस पुरत असे. माझ्या अंगात इतका गच्च कापूस होता, की शेजारणी मुद्दाम बसून बघत. कौतुकाने मी जरा शेफारलेच होते.

पण सुखाला दृष्ट लागली. मुलगी खुशबू नुकती चालू लागली होती, आणि ईश्वर तापाने गेला. त्यानंतर माझ्यावर मायलेकी झोपू लागल्या. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात वाकून वाकून गोदावरीबाईची कंबर धरायची. मग छोटी खुशबू तिच्या पाठीवर पाय देऊन चालायची, आणि चालता चालता तिथेच आडवी व्हायची. दर उन्हाळ्यात गोदावरीबाई मला अंगणात ऊन दाखवी आणि काठीने बडवी. त्या माराचा मला कधी राग आला नाही.

खुशबू मोठी झाली. तिला भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात अंथरूण घरचेच आणायचे होते, आणि घरात गादी तर मी एकटीच. गोदावरीबाईने मला गुंडाळून पोत्यात घातले, दाभणाने पोत्याचे तोंड शिवले, आणि आम्ही तिघी एसटीने निघालो.

वसतिगृहात त्या दिवशी जत्राच भरली होती. कोणाचे वडील बादल्या वाहत होते, कोणाची आई खाट पुसत होती. मला खोलीत उलगडले आणि दोघींची तोंडे उतरली. लोखंडी खाट एकीपुरती होती. माझा अर्धा भाग बाजूला लोंबू लागला. शेजारच्या खाटेवरची मोना खुदकन हसली. ती मनाने वाईट नव्हती, पण खुशबूचा चेहरा पडला.

"माय, ने हिले घरी," ती म्हणाली. "मी सतरंजीवर झोपतो."

"आन थंडीत काय करशील?"

गोदावरीबाईने मेसमधल्या ललिताबाईकडून कात्री मागून आणली. पोते शिवल्यापासून दाभण तिच्या पिशवीत होतेच. व्हरांड्यात बसून तिने मला मधोमध कापले. मला दुखले नाही असे मी म्हणणार नाही. पण कापताना ती मधेच थांबून माझ्यावरून हात फिरवत होती, म्हणून मी ते सोसले.

तिकडे सभागृहात पालकांची सभा चालली होती. हजेरीचे नियम, फाटक बंद होण्याची वेळ, भेटीचा वार, सगळे समजावून सांगत होते. माझ्या कडा शिवता शिवता गोदावरीबाईची सभा बुडाली. मोनाचे वडील वासुदेवराव बाहेर आले, तेव्हा तिने त्यांनाच विचारले. त्यांनी सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "रोज रोज फोन नका करू म्हणते मॅडम. पोरीचं मन लागत नाही मंग."

गोदावरीबाईने मान डोलावली आणि दाताने दोरा तोडला.

पालकांनी निघायची वेळ झाली. मी खाटेवर राहिले. माझा दुसरा अर्धा भाग काखोटीला मारून गोदावरीबाई दारात थांबली. "सुट्टीत हिले घेऊन येजो," ती म्हणाली. "दोनी जोडून देतो. मंग सोबत झोपू."

ती दिसेनाशी झाल्यावर खुशबू माझ्यात तोंड खुपसून रडली.

दिवस गेले. खुशबूचे मन लागले. दवाखान्यातल्या खाटांवर ती एक सुरकुती न पडू देता चादरी घालायला शिकली. मला मात्र ऊन दिसले नाही. गोदावरीबाईचा फोन फक्त रविवारी यायचा, आणि दर वेळी ती माझी आठवण काढायची. खुशबू म्हणायची, "पुढच्या वेळी आणतो, माय." एसटीच्या गर्दीत गादी कोण वागवणार? दिवाळीला ती मला न घेताच गेली. परत आल्यावर मोनाला सांगत होती, "माय चटईवरच झोपते. अर्धीवर झोप नाही लागत म्हणते."

नंतर कळले, गोदावरीबाईला महिनाभर खोकला होता. पोरीचे मन उडू नये म्हणून तिने तो फोनवर कळू दिला नाही. मग एके सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, लवकर ये. खुशबू उठली, मला गुंडाळले आणि छातीशी धरून एसटीत बसली. आता आपण पुन्हा एक होणार, असे मला वेड्यासारखे वाटत होते.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. आजारात गोदावरीबाईला माझ्याच दुसऱ्या भागावर निजवले होते. तिला स्मशानात नेल्यावर तिचे अंथरूणही उचलले. खुशबूने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"गेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाही, बाई," भावकीतला टिकाराम हळूच म्हणाला, आणि तिची बोटे सोडवली.

माझा दुसरा भाग गावाबाहेर जाताना मी दारातून पाहिला. त्याची कड एका बाजूने उसवून तयार ठेवली होती. दाराजवळच भिंतीला दाभण खोचलेले होते. त्यात दोरा ओवलेला होता.

आता मी पुन्हा त्याच खाटेवर आहे. खुशबू मला दर रविवारी गच्चीवर ऊन दाखवते. मित्रांनो, तुम्हीही शिकायला दूर जाल. घरून कोणी काही घेऊन ये म्हटले, तर ओझे वाटले तरी याच सुट्टीत घेऊन जा.