कट झाला की पाच

"आपल्या भागात फोनवर आवाज इतका स्वच्छ येतो, की समोरच्याने मनात दिलेली शिवीसुद्धा ऐकू येते!" मिशीसाहेबांनी मीटिंगमध्ये टेबलावर थाप मारली. "विचारा गिऱ्हाइकांना. पाचपैकी चारच्या खाली गुण आले, तर मिशी उतरवीन!"

मिशीसाहेब म्हणजे आमच्या मोबाइल कंपनीचे नेटवर्क इंजिनिअर. दारातून आधी मिशी आत यायची, मग साहेब. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न होतं. "माझ्यात तुला काय आवडलं?" असं त्यांनी होणाऱ्या बायकोला विचारलं, तेव्हा तिने बराच वेळ विचार केला आणि "मिशी" एवढंच म्हणाली. म्हणजे मिशी गेली की साहेबांकडे दुसरं भांडवल नव्हतं.

आजवर आवाज मोजायची ती आमची गाडी. गाडीत चार फोन, दिवसभर गल्लीबोळांतून फिरत एकमेकांना फोन लावायचे. पैकीच्या पैकी गुण! पण मोठ्या मॅडम म्हणाल्या, "त्या फोनांना एकमेकांशी बोलायचं काही नसतं, ते कशाला कुरकुर करतील? माणसांना विचारा."

झालं. भागातल्या ज्यांनी हौसेने नाव नोंदवलं, त्यांना प्रत्येक कॉल संपला की मेसेज जाऊ लागला: 'कॉल कसा वाटला? एक ते पाच गुण द्या.' गुण थेट साहेबांच्या स्क्रीनवर, नावासकट. होणाऱ्या बायकोनेही नाव नोंदवलं होतं. "तिचे गुण मी बघणार नाही," साहेब छाती काढून म्हणाले. "संसार विश्वासावर चालतो."

पहिल्या आठवड्याची सरासरी दोनसुद्धा भरली नाही. साहेबांचा हात मिशीवर गेला तो तिथेच राहिला.

यादीत सगळ्यात वर एक गुण देणारी त्यांची सख्खी आत्या. साहेब तडक तिच्या घरी.

"आत्या, आवाज फाटत होता का गं?"

"छे रे! घंटेसारखा खणखणीत. तुझी काकू म्हणाली, 'वन्सं, तुम्ही हल्ली सुटलाय हो.' शब्द न् शब्द ऐकू आला. मग काय पाच देऊ?"

"अगं, गुण आवाजाला द्यायचे!"

"मेसेजात विचारलंय, कॉल कसा वाटला. मला वाईट वाटला."

"मग मंगळवारी पाच कसे दिलेस?"

"तो कॉल म्हणजे सोनं! काकू म्हणत होती, 'महिनाभर राहायला येते, येत्या रविवा—' आणि कट. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!"

तिथून साहेब शिंप्याकडे. शिंपी तोंडातली टाचणी काढत म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक विचारतं, कोट झाला का? नीट ऐकू आलं की नीट खोटं बोलावं लागतं. तुटक आलं की मीपण हॅलो हॅलो करून सुटतो. अशा कॉलला मी मोकळ्या हाताने पाच देतो."

साहेब ऑफिसात परतले. आरशात एकदा मिशी बघितली, एकदा लग्नाची तारीख आठवली आणि कॉम्प्युटरवर बसले. टॉवरवरचा अँटेना तिथूनच खालीवर झुकवता येतो. त्यांनी तो झुकवला. इतका, की टॉवरच्या पायथ्याशी झोपणाऱ्या कुत्र्याला भरपूर रेंज आणि बाकी भागात ठणठणाट.

आणि काय सांगू! भागात आनंदीआनंद. कधी न बोलणाऱ्या जावा एकमेकींना फोन लावू लागल्या. जावई सासऱ्यांची तब्येत विचारू लागले, कारण उत्तराच्या आत कॉल तुटणार याची खात्री होती. बोलण्यातून वेळ उरल्यामुळे शिंप्याने चुकून एक कोट वेळेवर शिवला; गिऱ्हाईक घाबरून दोनदा पत्ता तपासून गेलं. काकू काही आत्याकडे आली नाही. सरासरी टुणटुण उड्या मारत साडेचारच्या वर.

मोठ्या मॅडम अभिनंदनाला स्वतः आल्या. फोन लागत नव्हता.

"शाब्बास! मिशी वाचली तुमची. आता सगळ्या शहरात हेच करायचं. जमवलंत कसं?"

"लोकांच्या मनाचा अभ्यास, मॅडम," साहेबांनी मिशीला पीळ भरला. मॅडमना दाखवायला गुणांचा स्क्रीन भिंतीवर मोठा करून लावला होता. त्या भरात त्यांनी सगळ्यांसमोर होणाऱ्या बायकोला फोन लावला. सातव्यांदा लागला.

"अगं, वाचली! मिशी वाचली! आता हे सगळं मी कसं घडवून आणलं ते तुला पहिल्यापासून सांगतो. आधी अँटेना म्हणजे काय, ते नीट समजून घे—"

कट.

भिंतीवर नवी ओळ उमटली. कॉल बारा सेकंद चालला होता. तिने पाच दिले होते.