पहिल्या अंड्याचा रंग

"ताप कधीपासून?"

परिचारिकेने अर्जातला पहिला प्रश्न विचारला. रालित्साने शुक्रवार सांगितला. तिच्या सहा वर्षांच्या बिल्यानाला उलट्या होत होत्या, पोट दुखत होतं. बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहराच्या इस्पितळात पोचेपर्यंत ईस्टरचा रविवार उजाडला होता.

"घरात कोरोना?"

महिन्यापूर्वी. पोरीचं नुसतं नाक गळलं होतं.

"अंगावर लाली?"

"आहे, पण तो रंग आहे," रालित्सा म्हणाली. गुरुवारी त्यांनी ईस्टरची अंडी रंगवली होती. पहिलं लाल अंडं आजीने ओलं असतानाच नातीच्या गालांवर, तळहातांवर फिरवलं होतं, वर्षभर तब्येत ठणठणीत राहावी म्हणून.

परिचारिका वेस्का हसली. "अगं बाई, आमच्या घरीही तेच. या आज्या पोरांना रंगवतात, अंडी राहतात बाजूला!" तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. "आधी आईच्या हातावरचा रंग पुसू हं राणी, म्हणजे तू घाबरणार नाहीस."

रालित्साच्या बोटांवरून फिरलेला कापूस गुलाबी झाला. मग नव्या कापसाने वेस्काने बिल्यानाचा तळहात पुसला. पुन्हा पुसला. कापूस पांढराच राहिला.

वेस्काने तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली. सगळं तेवढंच लाल. "डॉक्टर, लवकर या! कोरोनानंतर मुलांना होतो तो आजार दिसतोय हा."

डॉक्टर आले, पोरीला स्ट्रेचरवर घेतलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "लाली कधीपासून?"

तीन दिवस रालित्सा त्या लालीकडे कौतुकाने बघत होती.

"गुरुवारपासून," ती म्हणाली. मग आपल्या गुलाबी बोटांकडे बघत म्हणाली, "माहीत नाही."